भरल्या पोटाची चारपट्टी

आमच्या सेर्राकूपा गावात सेराफिनाबद्दल कुणी बरं बोललेलं मी ऐकलेलं नाही. ती माझ्या समोरच्या घरात राहते. तिच्या आणि माझ्या खिडकीमध्ये एखादं लादलेलं गाढव जेमतेम जाईल एवढी गल्ली आहे. इतक्या वर्षांच्या शेजारात तिनं माझ्याकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही, आणि मला कधी दिलंही नाही. माझी बायको होती तोवर म्हणायची, "त्या बाईच्या धुराड्यातून धूरसुद्धा मोजून बाहेर पडतो."

आमच्याकडे माणसाला नावं ठेवायची तर चोर, दारुडा असलं काही म्हणत नाहीत. 'त्याच्या घरी खायला मिळत नाही' एवढं म्हटलं की पुरतं. सणाच्या पंगतीत पदार्थांवर पदार्थ येत राहतात, आणि त्यातल्या एकालाही नको म्हटलं तर यजमानाचा अपमान होतो. माझ्या आजोबांच्या वेळी एका यजमानानं अशाच एका पाहुण्यावर भिंतीवरची बंदूक रोखली होती, आणि गावानं दोष पाहुण्यालाच दिला होता. अशा गावात सेराफिना दारी आलेल्याला कॉफी देते, तीही नुसती. दुसऱ्याच्या घरी गेली तर पहिल्या वाढपानंतर ताटावर हात आडवा धरून म्हणते, "पुरे." हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा लागतो.

तिचा नवरा पान्फिलो मधुमेहानं गेला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती त्याला पाव कापून द्यायची, पातळ काप, आणि त्यानं दुसरा मागितला की सुरी धुऊन जागेवर ठेवायची. पान्फिलोची थोरली बहीण एर्सिलिया त्याच घराच्या दुसऱ्या भागात राहते. तिचं लग्न झालं नाही. ती कोंबड्या पाळते, आणि घरात शिरलेल्याला चार घास खाल्ल्याशिवाय बाहेर पडू देत नाही. भावाचे हाल तिला बघवत नसत. मधल्या दारातून बदामाच्या वड्या, मधात घोळलेल्या तळणाचे तुकडे, कधी गोड वाइन, असं काहीबाही त्याच्याकडे जायचं. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तो गेला तेव्हा गाव म्हणालं, बायकोनं उपाशी मारला. त्याला पुरून आल्यावर सेराफिनानं मधल्या दारावर फळ्या ठोकल्या. का ठोकल्या ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पाव भाजायच्या भट्टीची खोली मात्र सासऱ्यानं वाटणीत दोन्ही भागांची सामाईक ठेवली होती. तिला दोन्ही बाजूंनी दारं होती, आणि ती तशीच राहिली.

अशा या बाईकडे गावातला सगळ्यात मोठा मान होता. मेच्या पहिल्या तारखेला आमच्या संताची मूर्ती चर्चबाहेर येते आणि चौकात तिच्यावर साप ठेवतात. सापवाले मार्चमध्ये बर्फ वितळू लागलं की डोंगरावर जातात, उन्हाला आलेले बिनविषारी साप धरतात, सणापर्यंत घरात सांभाळतात आणि सण झाला की जिथून आणले तिथं नेऊन सोडतात. पहिला साप चारपट्टीच असावा लागतो. पाठीवर चार काळ्या रेघा असलेली ही जात चांगली पुरुषभर लांब होते आणि स्वभावानं गरीब असते. ती संताच्या खांद्यावरून हाताकडे उतरली तर वर्ष चांगलं, डोळ्यांवर चढली तर वाईट. ही पहिली चारपट्टी ठेवायचा मान सेराफिनाच्या बापाचा, एव्हांद्रोचा. त्याला मुलगा नव्हता. तो गेल्यावर सेराफिना त्याची सापाची पेटी खांद्याला लावून चौकात आली, तेव्हा संताच्या मंडळाचा प्रमुख बेरार्दो आडवा झाला.

"संताच्या गळ्यात बाईच्या हातचा साप?"

"संताला जन्म कुणी दिला, बेरार्दो? तुझ्या मंडळानं?"

सगळा चौक हसला. बेरार्दो ते हसू अजून विसरलेला नाही. पण मान घराण्याचा होता आणि घराण्यात तीच उरली होती. नियम दोनच होते. साप आपण स्वतः धरलेला पाहिजे. आणि बाराच्या घंटेला तो मूर्तीवर नसला, तर मान त्या घरातून कायमचा गेला. रांगेत पुढचा होता बेरार्दोचा पुतण्या, क्विरीनो.

सापाला किती आणि केव्हा खायला घालायचं, यावर सेराफिनाचं कुणाशी जमत नसे. बाकीचे सापवाले साप घरी आणल्यापासून त्याच्यापुढं काही ना काही टाकत राहतात. क्विरीनोच्या सापानं एकदा मिरवणुकीत त्याच्याच सदऱ्यात अर्धवट पचलेला उंदीर ओकला होता. त्या दिवशी त्याच्याजवळ कुणी उभं राहीना, पण त्याला वाईट कुणी म्हटलं नाही. जास्त खायला घातलं, हा आमच्याकडे गुन्हा नाही.

सेराफिनाची रीत वेगळी होती. आणल्यावर पहिला आठवडाभर नुसतं पाणी आणि ऊब. मग एक लहानसं अंडं. ते पचलं की दहा-बारा दिवसांनी एक उंदीर, सापाच्या मधल्या जाडीपेक्षा जाड नको. सणाआधीचे दोन आठवडे काहीही नाही. "पोटात काही असलेल्या सापाला हात लावायचा नसतो," ती म्हणायची. "आणि थंडीतून उठलेलं जनावर आहे ते. ऊब नसली तर पोटातलं पचत नाही, कुजतं." म्हणून तिची पेटी कोंडा घालून भट्टीच्या भिंतीला लावलेली असे. पेटीला साधी कडी होती. मी एकदा कुलूप लावायला सुचवलं, तर म्हणाली, "सापाच्या पेटीला कुलूप? चोर आला तर त्याची गंमत घालवू नका."

मी सांगतोय त्या वर्षी वसंत फार उशिरा आला. एप्रिल अर्धा झाला तरी वरच्या उतारांवर पुन्हा बर्फ पडत होतं. सेराफिनाला सापडलेली चारपट्टी लांबीला कुणाहून कमी नव्हती, पण अंगानं बारीक होती. एका सकाळी ती तिला उन्हात धरून दारात उभी होती. गल्लीच्या नळावर बायका होत्या. एर्सिलिया कोंबड्यांचं खाणं घेऊन बाहेर आली आणि थांबली.

"वहिनी, ही चारपट्टी आहे की चाबकाची वादी?"

"तुम्ही तुमच्या कोंबड्या बघा, वन्सं. चालता येईनासं झालंय त्यांना."

"खातात आणि अंडी देतात बिचाऱ्या. तुझ्या घरात जे जातं, ते चौघांच्या खांद्यावरूनच बाहेर पडतं."

नळ कुणीतरी बंद केला. सेराफिनाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. साप तिच्या कोपराभोवती फिरला, तिनं हात थोडा वर घेतला, एवढंच.

"दूध तरी ठेव वाटीभर," एर्सिलिया म्हणाली. "गाईचे सड चोखतात म्हणतात या."

"साप दूध पीत नाही."

"तुला काय माहीत? तू कधी ठेवून बघितलंस? तुझ्या हातून काही सुटलं तर ना! देवाचं जनावर आहे ते."

"देवाचं आहे, म्हणूनच तुमच्या हातात दिलं नाही."

बायकांनी ते दुपारपर्यंत गावभर केलं. एर्सिलियाचं बोलणं पूर्ण आणि सेराफिनाचं अर्धं.

त्यानंतर बेरार्दोनं मंडळाची बैठक घेतली. मंडळाचं कामकाज मी पाहतो, गावात मला हिशेबनीस म्हणूनच ओळखतात. सेराफिनाला बोलावलं होतं. तिनं खुर्ची घेतली नाही आणि पुढं केलेला वाइनचा पेलाही घेतला नाही. ती उभीच राहिली.

"यंदा टेलिव्हिजनवाले येणार आहेत," बेरार्दो म्हणाला. "असली काटकुळी मूर्तीवर घालून सगळ्या देशाला दाखवायचं का, की सेर्राकूपात सापालासुद्धा खायला मिळत नाही? अजून आठवडा आहे. तिला पोसून आण."

"आठवडाच आहे, म्हणून नाही."

"एक कोंबडीचं पिल्लू घाल. एक! पैसे मंडळ देईल."

"तू सणाचं जेवून उठलास की तुला आम्ही पायांना धरून गावभर मिरवलं, तर चालेल का? शंभर माणसं हात लावणार तिला."

"काकाला उचलायला आधी दहा माणसं बघावी लागतील," क्विरीनो म्हणाला, आणि हसणारे हसले. बेरार्दोनं पुतण्यावरचा राग तिच्यावर काढला.

"नवऱ्यालाही असंच तोलूनमापून घालत होतीस. पुढं काय झालं ते आम्ही बघितलं."

"बघितलं असतं तर बरं झालं असतं," सेराफिना म्हणाली.

"घंटेला साप मूर्तीवर दिसला नाही, तर मान गेला. बापाचं नाव पुढं करू नकोस मग. हिशेबनीस, ऐकलंत ना?"

मी हो म्हटलं. नियम तोच होता. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिची बाजू घ्यावी असं मलाही वाटलं नाही. ती बाजू घेऊ देणारी बाईच नाही.

सणाच्या आदल्या दिवशी गावात कुणी उपाशी राहता कामा नये, अशी आमच्याकडे रीत आहे. माणसं तर सोडाच, गाढवाला जव, कुत्र्याला हाडं, मांजराला चीज. माझे एक काका मधमाश्यांच्या पेटीपुढंसुद्धा साखरपाणी ठेवायचे. त्या दिवशी भुकेलं राहिलेलं जनावर संताकडे जाऊन घराचं नाव सांगतं, असं म्हातारी माणसं म्हणतात. संध्याकाळी एर्सिलिया भाजलेल्या कोकराच्या मांसाचं ताट झाकून सेराफिनाच्या दाराशी आली. मी खिडकीत होतो.

"घे. सणाचं आहे."

"माझं झालंय."

"काय झालंय? बटाटा? बरं, तुझं राहू दे. तिला काय घातलंस आज?"

"काही नाही."

"आजच्या दिवशी काही नाही? अगं, आज तुरुंगातल्यालासुद्धा वाढतात!"

"पुरे, वन्सं," असं म्हणून सेराफिनानं दार लावलं. एर्सिलिया ताट घेऊन तशीच उभी राहिली. मग वर माझ्याकडे बघून म्हणाली, "खाली या, हिशेबनीस. तुम्ही तरी खा. निदान तुम्ही माणसांत आहात." मी खाली जाऊन ताट घेतलं. मांस चांगलं झालं होतं.

सणाच्या सकाळी बाहेर बर्फमिश्रित पाऊस होता. मी बुटांना पॉलिश करत होतो, तेवढ्यात सेराफिनानं गल्लीतून हाक मारली. तिनं मला हाक मारायची ती पहिलीच वेळ.

भट्टीच्या खोलीत गारठा होता. सणासाठीचा पाव आधीच भाजून झाला होता, आग विझलेली होती आणि भिंत गार पडत चालली होती. पेटीचं झाकण उघडं होतं. चारपट्टी एका कोपऱ्याला दबून पडली होती, आणि तिच्या अंगाच्या मध्यावर दोन मुठींएवढा फुगवटा होता. त्याच्या थोडं पुढं आणखी एक, लहान. सेराफिनानं तिला हात लावला नाही. कोंड्यातून तिनं एक पिवळसर पीस उचललं, तळहातावर घेतलं आणि पलीकडच्या दारानं न जाता गल्लीतून वळसा घालून एर्सिलियाच्या घरात गेली. मी तिच्यामागून गेलो.

आत सुलमोना शहरातून आलेले नातेवाईक न्याहारीला बसले होते.

"वन्सं, काय घातलंत तिला?"

"सणाच्या दिवशी सकाळी सकाळी..."

"केवढं होतं, तेवढं सांगा. आणि कधी घातलंत?"

"मी कशाला घालू तुझ्या सापाला? बसा हो, हिशेबनीस. पाव घ्या."

सेराफिनानं तळहात पुढं केला. एर्सिलियानं पिसाकडे बघितलं आणि पावाची टोपली सारखी केली.

"कोंबड्या आहेत माझ्या. पिसं उडणारच." मग पाहुण्यांकडे बघत म्हणाली, "आणि घातलं असेल कुणी, तर पुण्यच केलं म्हणायचं."

गल्लीत आल्यावर मी सेराफिनाला म्हटलं, "घंटेपुरती ठेव आणि लगेच उचल. एवढ्यानं काय होतंय?"

"उचलताना ओकली तर? संताच्या तोंडावर?"

"नाहीही ओकणार."

"आणि आतल्या आत फाटली तर? माझा मान राहावा म्हणून?" ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच पिल्लू घातलं होतं. "तुम्ही आपले बूट पुसा, हिशेबनीस."

बारा वाजायच्या आधी चौक भरला. पाऊस थांबला होता, कॅमेरेवाले शिडीवर चढले होते. मूर्ती चर्चच्या पायऱ्यांवर आली. सेराफिना पेटी घेऊन पुढं आली आणि पेटी जमिनीवर ठेवून झाकणावर हात ठेवून उभी राहिली. बेरार्दोनं खूण केली. तिनं झाकण उघडलं नाही.

"तिनं खाल्लंय," ती म्हणाली. "मी ठेवणार नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "काल उपाशी होती, आज तिचं पोट भरलं होय!" आणि एकदम सगळीकडून आवाज उठले.

"मेली असेल भुकेनं. झाकण उघड, बघू दे!"

"संताच्या तोंडातलासुद्धा घास काढील ही!"

बेरार्दो अगदी जवळ आला. "महिनाभर सांगतेस की खायला घालत नाही, आणि आता म्हणतेस खाल्लंय. कुणी घातलं? नाव सांग."

सेराफिनानं गर्दीत बघितलं. एर्सिलिया दुसऱ्या रांगेत होती, काळ्या लेसचा रुमाल डोक्यावर घेऊन. सेराफिना तिच्याकडे बघत म्हणाली, "मला नाव नको आहे. केवढं घातलं, तेवढं सांगा. तिला वाचवायला मला तेवढंच हवंय."

एर्सिलियानं रुमाल पुढं ओढला. तिचे ओठ हलले असं मला वाटलं, पण ती प्रार्थना असेल.

घंटा सुरू झाली. बेरार्दोनं हात वर केला आणि क्विरीनोनं आपली चारपट्टी मूर्तीच्या खांद्यावर ठेवली. ती लठ्ठ होती आणि हलायला तयार नव्हती. न हाताकडे उतरली, न डोळ्यांवर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेराफिनानं पेटी उचलली. तिला वाट द्यायला कुणी सरकलं नाही, तेव्हा ती पेटीच्या कोपऱ्यानं माणसं बाजूला सारत गेली. त्यांतल्या एकाची बरगडी अजून दुखते, असं तो सांगतो.

सणानंतर मंडळानं सगळ्या सापवाल्यांना कळवलं की रविवारपर्यंत साप डोंगरावर परत गेले पाहिजेत. सेराफिनाला ते सांगायला मी गेलो. भट्टी पेटलेली होती, आत पाव नव्हता. खोलीत इतका कुबट वास होता की मी दारातच रुमाल काढला. चारपट्टीनं ओकलं होतं. वर्तमानपत्रावर ते पडलं होतं, पिसांसकट, हिरवं पडलेलं.

"हे पिल्लू नव्हे," सेराफिना म्हणाली. "चांगलं वाढलेलं आहे. एवढं तिला उन्हाळ्यातसुद्धा पचलं नसतं."

साप जिवंत होता. कातडी सैल पडली होती आणि जीभ सावकाश आत-बाहेर होत होती. इतक्यात पलीकडचं दार उघडून एर्सिलिया आत आली.

"माझ्या वाटणीची लाकडं जाळून चाललंय काय? चार दिवस बघतेय, पाव नाही, काही नाही..." तिचं लक्ष वर्तमानपत्राकडे गेलं. "मेली?"

"नाही."

"मला वाटलं, मोठं दिलं तर बरेच दिवस पुरेल तिला."

हे बोलून गेल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, पण तोंडातून निघून गेलं होतं.

"चौकात जीभ कुठं होती?" सेराफिनानं विचारलं.

"चौकात सगळा गाव होता!"

"पान्फिलोलाही पुरेल असंच वाटायचं का? बदामाच्या वड्या?"

"त्याचं नाव काढू नकोस! तो मागायचा. माझ्यापुढं हात करायचा. त्याचे डोळे तू बघितले नाहीस."

"रोज बघितले. मी नाही म्हणायची आणि तुम्ही घे म्हणायच्या. त्याला आवडायचं कोण, हे मला कळत नव्हतं का?"

एर्सिलियाचा चेहरा लाल झाला. "चार वड्यांनी माणूस मरत नाही," ती म्हणाली आणि दार आपटून गेली. सेराफिनानं भट्टीत आणखी एक लाकूड घातलं. मी रविवारचा निरोप सांगितला. तिनं ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

रविवारी बेरार्दो आणि क्विरीनो एक पोतं घेऊन आले. नियमाप्रमाणे मीही सोबत होतो. सेराफिना भट्टीच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आत्ता नेली तर दगडाखाली गोठून मरेल. पंधरा दिवस तिला काही घालता येणार नाही. मग एक लहान अंडं. ते राहिलं पोटात, तर दहा दिवसांनी उंदीर. मग मी स्वतः नेऊन सोडते."

"सणानंतर साप ठेवणं म्हणजे संताची चोरी," बेरार्दो म्हणाला. "मान गेला, आता सापही लाटतेस? क्विरीनो, आत जा."

क्विरीनोनं पाऊल टाकलं आणि थांबला, कारण पलीकडच्या दारातून एर्सिलिया राख काढायचं फावडं घेऊन आली होती.

"हात लावून बघ," ती म्हणाली. "मी चारलं तिला. मी! अर्धी वाढलेली कोंबडी म्हण, आणि वर अंडं. मला घाल त्या पोत्यात."

बेरार्दोनं टोपी काढली आणि परत घातली. तो हट्टी आहे, पण खोटा नाही. तो म्हणाला, "असं असेल तर दोष हिचा नाही. एर्सिलिया, मंडळापुढं येऊन हे बोललीस, तर मान परत देता येईल. काय हिशेबनीस?"

मी म्हटलं, येईल. क्विरीनोनं पोतं काखेतून खाली सोडलं.

"बोलेन की," एर्सिलिया म्हणाली. "भिते का काय मी?"

"काय बोलाल?" सेराफिनानं विचारलं.

"सापाला मी चारलं म्हणून."

"आणि?"

"आणि काय?"

सेराफिना वाट बघत राहिली. भट्टीतलं लाकूड तडकलं. एर्सिलियाच्या हातातलं फावडं खाली आलं. तिथं उभ्या असलेल्या आम्हा चौघांनाही सेराफिना कशाबद्दल विचारतेय ते ठाऊक होतं.

"एवढंच," एर्सिलिया शेवटी म्हणाली.

"मग नको." सेराफिना बेरार्दोकडे वळली. "मान तुझ्या पुतण्याला लखलाभ. मला महिनाअखेरपर्यंत साप दे."

"अगं, वेडी आहेस का? तुझ्या बापाचा मान!"

"एक सांगायचं आणि दुसरं गिळायचं, त्या तोंडून परत आलेला मान माझ्या बापाला नको. मंडळात बसून मी ते ऐकणार नाही. आणि दार लावा, ऊब जातेय."

बेरार्दोनं महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. गावात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. सेराफिनानं एर्सिलियाला धमकावून कबूल करायला लावलं, असं म्हणतात, आणि वर म्हणतात की इतकं करूनही मान परत घेतला नाही, इतकी घमेंड. एर्सिलियानं ते कधी खोडून काढलं नाही.

मेच्या शेवटी मंडळाचा साक्षीदार म्हणून मी सेराफिनाबरोबर डोंगरावर गेलो. चारपट्टी पूर्वीइतकीच बारीक होती, पण अंग ताठ झालं होतं आणि पेटीत ती सारखी फिरत होती. चढ चढताना मागून खडी सरकल्याचा आवाज यायला लागला. एर्सिलिया येत होती, धापा टाकत, हातात काठी घेऊन.

"मागं मागं काय येताय?" सेराफिनानं न वळता विचारलं.

"डोंगर तुझ्या बापाचा आहे का?"

"होता."

दक्षिणेकडच्या जुन्या बांधापाशी तिनं पेटी टेकवली आणि झाकण काढलं. चारपट्टीनं डोकं वर काढलं, इकडेतिकडे जीभ फिरवली, आणि दगडांच्या फटीत सावकाश ओतल्यासारखी निघून गेली. शेपटी आत गेल्यावरही सेराफिना थोडा वेळ बघत उभी होती.

"जाताना काही घातलंस का तिला?" एर्सिलियानं खालून विचारलं.

"नाही."

"काहीच नाही?"

"भूक लागलीय तिला. तिचं ती शोधेल."

सेराफिनानं रिकामी पेटी खांद्यावर टाकली आणि एर्सिलियाच्या बाजूनं खाली उतरायला लागली. एर्सिलियानं तिला पुढं जाऊ दिलं. मग ती माझ्याकडे वळली आणि पुढचीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "बघितलंत ना, हिशेबनीस? शेवटी उपाशीच घालवली."